मोटारींतील पिवळा दिवा : त्याचा अर्थ आणि उपाय

अंगांत ताप भरला म्हणजे आपण थर्मामीटर लावतों. पारा १०२ वर गेलेला पाहून कोणी शहाणा मनुष्य थर्मामीटर फोडून टाकीत नाहीं. किंवा तो झटकून पारा खालीं आणला म्हणजे ताप उतरला, असेंही मानीत नाहीं. ताप ही रोगाची वर्दी आहे, हें आपल्या घराघरांतील बायामाणसांना ठाऊक असतें. परंतु हींच माणसें मोटारींत बसलीं आणि चालकासमोरच्या तबकडीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, कीं ही समजूत कोठें जाते, कोण जाणे! कोणी घाबरून गाडी भर रस्त्यांत उभी करतो. कोणी दिव्यावर कागदाचा तुकडा चिकटवितो. आणि कोणी गॅरेजांत चार पैसे देऊन तो दिवा 'घालवून' घेतो. या तिन्ही मार्गांपैकीं एकही बरा नव्हे. हा दिवा काय सांगतो, तो लागल्यावर आपण काय पाहावें, आणि गाडी मिस्त्रीच्या स्वाधीन करतांना त्याला कोणते प्रश्न विचारावे, याचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

हा दिवा कांहीं मोटारीच्या जन्मापासूनचा नव्हे. आमचें निरवांगी हें इंदापूर तालुक्यांतील गांव. येथून जवळच असलेलें वालचंदनगर ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें, त्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. तिची पद्मिनी गाडी आपल्यापैकीं अनेकांनीं वापरली असेल. मुंबईच्या रस्त्यांवरून ती काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. त्या गाडींत कार्बोरेटर असे आणि ठिणगीसाठीं साधे पॉइंट असत. बिघाड झाला तर तो चालकाच्या कानाला कळे, नाकाला कळे. इंजिन अडखळूं लागलें, सायलेन्सरांतून काळा धूर निघूं लागला, कीं मिस्त्री पान्हा आणि पॉलिश कागद घेऊन बसे. त्या काळीं चालकाचें लक्ष हाच काय तो दिवा होता.

मग हा दिवा आला कोठून? तो आला हवेच्या काळजींतून. अमेरिकेंत लॉस एंजिलिस शहरावर मोटारींच्या धुराचें मळभ दाटूं लागलें, तेव्हां कॅलिफोर्निया राज्यानें नियम कडक केले. पुढें असें ध्यानांत आलें कीं, कारखान्यांतून निघतांना स्वच्छ असलेली गाडी चार-पांच वर्षांनीं तशी राहत नाहीं, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून गाडीनें स्वतःची तपासणी स्वतःच करावी आणि दोष आढळतांच दिवा लावावा, असा नियम तेथें १९८८ च्या मॉडेलांपासून लागू झाला. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेंत त्याचें सुधारलेलें व एकसारखें रूप सक्तीचें झालें. आपल्याकडे भारत स्टेज ४ या नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून त्याची पहिली पायरी आणि एप्रिल २०१३ पासून दुसरी पायरी आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ सुरू झाल्यावर मोटारसायकली व स्कूटरी यांवरही हा दिवा दिसूं लागला. नवीन गाडी विक्रीस येण्यापूर्वीं तिची धुराची परीक्षा घेणाऱ्या संस्थांपैकीं एक प्रमुख संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, १९६६ पासून आपल्या पुण्यांतच आहे. पुणेकर तिला वेताळ टेकडीवरची ए.आर.ए.आय. म्हणून ओळखतात.

तेव्हां पहिली गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा दिवा मुख्यतः धुराचा पहारेकरी आहे. म्हणूनच कित्येकदां दिवा लागलेला असतो आणि गाडी मात्र चांगली धांवत असते. 'गाडी तर उत्तम चालते, मग दिवा खोटा आहे,' असें म्हणणारे लोक येथेंच फसतात.

आतां या पहारेकऱ्याची रीत पाहूं. इंजिनांत पेट्रोल पूर्ण जळावयाचें तर त्याच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हें प्रमाण राखण्याचें काम गाडींतील एक लहानसा संगणक करतो. त्याचे हेर ठिकठिकाणीं बसलेले असतात. त्यांस सेन्सर म्हणतात. आंत किती हवा आली, पाणी किती तापलें, इंजिनाचा दांडा किती वेगानें फिरतो, ही बातमी ते क्षणोक्षणीं पोंचवितात. सायलेन्सरच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर धुरांत ऑक्सिजन किती उरला तें सांगतो. त्यावरून पेट्रोल जास्त झालें कीं कमी, हें संगणकास कळतें. त्याच वाटेवर पुढें कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचें एक भांडें असतें. आंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखीं छिद्रें, आणि त्यांवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ लेप. विषारी वायूंचें रूप पालटून त्यांस निरुपद्रवी करणें हें त्याचें काम. त्याच्या पलीकडे दुसरा ऑक्सिजन सेन्सर असतो. तो या भांड्याच्या कामावर नजर ठेवतो.

एखाद्या हेराची बातमी अशक्य वाटली, किंवा ती मुळींच आली नाहीं, तर संगणक ती नोंदून ठेवतो. बहुतेक दोषांच्या बाबतींत तो एका वेळेवरून निकाल देत नाहीं. पुढच्या फेरींत तोच दोष पुन्हां दिसला तरच दिवा लागतो. पुढें दोष नाहींसा झाला आणि लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या, तर दिवा आपोआप विझतो. नोंद मात्र कांहीं काळ राहते. शाळेंतील चांगला मास्तर जसा एका चुकीवर छडी उचलीत नाहीं, आणि मुलगा सुधारला तर जुनी चूक उगाळीत बसत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

दिवा लागल्यावर सर्वांआधीं त्याचा रंग पाहावा. तेलाच्या झारीच्या आकृतीचा तांबडा दिवा, किंवा पाण्यांत बुडविलेल्या थर्मामीटरच्या आकृतीचा तांबडा दिवा, हे निराळे. ते दिसतांच गाडी सुरक्षित जागीं बाजूला घेऊन इंजिन बंद करावें. एक किलोमीटरही पुढें जाऊं नये, आणि तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा मात्र स्थिर असेल, आणि गाडीच्या चालींत, आवाजांत, वासांत फरक नसेल, तर घाबरण्याचें कारण नाहीं. सावकाश घरीं यावें आणि दोन-चार दिवसांत तपासून घ्यावें.

परंतु हाच पिवळा दिवा उघडझांप करूं लागला आणि गाडी धक्के देऊं लागली, तर तो इशारा गंभीर आहे. बहुतेक पेट्रोल गाड्यांत त्याचा अर्थ असा कीं, एखाद्या सिलिंडरांत पेट्रोल पेटतच नाहीं. तें न जळलेलें पेट्रोल पुढें जाऊन त्या तापलेल्या भांड्यांत जळतें, भांडें मर्यादेबाहेर तापतें, आणि आंतील पोळें वितळूं लागतें. ज्या दोषाचें मूळ एका स्पार्क प्लगांत किंवा कॉइलींत होतें, त्याचा खर्च अशा रीतीनें पुष्कळ पटींनीं वाढतो. म्हणून उघडझांप दिसतांच पाय हलका करावा, भार कमी करावा, आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी.

गाडी थांबविल्यावर मिस्त्री येण्यापूर्वीं घरच्या माणसांनाही कांहीं गोष्टी पाहतां येतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे काय? टोकें सैल आहेत काय? बॅटरी दुबळी झाली कीं हेरांच्या बातम्या चुकूं लागतात, आणि एकदम चार-पांच दोष नोंदले जातात. हवेची जाळी धुळीनें भरली आहे काय? तिच्यापासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी निसटली किंवा चिरली आहे काय? अलीकडे पेट्रोल कोठें भरलें, आणि दिवा त्यानंतरच लागला काय? या गोष्टी वहींत लिहून ठेवाव्या. अमेरिकेंत राहणारा मुलगा किंवा भाचा फोनवरून सांगतो कीं, पेट्रोलच्या टांकीचें टोपण घट्ट करा, दिवा जाईल. तेथील नियमाप्रमाणें टांकींतून वाफ गळते कीं काय हेंही गाडीला तपासावें लागतें. म्हणून तेथें हा उपाय खरा आहे. आपल्याकडील बहुतेक गाड्या ही तपासणी करीत नाहींत. टोपण अवश्य घट्ट करावें, त्याला पैसे पडत नाहींत; परंतु त्यावर विसंबून राहूं नये.

यानंतरची पायरी म्हणजे संगणकानें केलेली नोंद वाचणें. चालकाच्या गुडघ्यांजवळ, तबकडीच्या खालच्या बाजूस, सोळा टोंकांची एक खोबण असते. तींत लहानसें यंत्र जोडलें कीं नोंद दिसते. ही नोंद पांच अक्षरांची असते. पहिलें अक्षर 'पी' असेल तर दोष इंजिन किंवा गिअर यांच्या व्यवस्थेंत आहे. त्यानंतर शून्य असेल तर तो अंक साऱ्या कंपन्यांना समान. एक असेल तर त्या कंपनीचा खाजगी. तिसऱ्या जागीं एक किंवा दोन हे हवा व इंधन यांचे, तीन हा ठिणगीचा, आणि चार हा धूर शुद्ध करणाऱ्या साधनांचा. उदाहरणार्थ, पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरांत ज्वलन चुकतें. पी ०१७१ म्हणजे हवेच्या मानानें इंधन कमी पडतें. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरचें काम अपुरें पडतें. या नोंदीबरोबर दोष दिसला त्या क्षणीं इंजिन किती तापलें होतें, गाडी किती वेगांत होती, हेंही संगणक टिपून ठेवतो.

येथें आजच्या भाषणांतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. ही नोंद कोठें शोधावें हें सांगते. काय बदलावें हें सांगत नाहीं. हा फरक न कळल्यामुळें किती नुकसान होतें, याचें एक उदाहरण सांगतों. आमच्या गांवचा एक तरुण, माझा जुना विद्यार्थी, पेट्रोलवर चालणाऱ्या लहान मालगाडींतून गोठ्यागोठ्यांवरचें दूध गोळा करून डेअरीला पोंचवितो. गाडी कर्जावर घेतलेली. ऐन चैत्रांत तिचा पिवळा दिवा लागला. शहरांतील एका वर्कशॉपांत यंत्र लावून पाहिलें, तर नोंद निघाली पी ०१३५. म्हणजे पहिल्या ऑक्सिजन सेन्सरला ऊब देणाऱ्या विजेच्या मार्गांत दोष. तेथील मनुष्यानें तत्काळ सेन्सर बदलला. नवा सेन्सर येईपर्यंत गाडी दोन दिवस तेथेंच अडकून पडली, आणि त्या उन्हाळ्यांत दोन्ही दिवशींचें दूध गोठ्यांवरच नासलें. चार दिवसांनीं दिवा पुन्हां लागला. आतां त्याला सांगण्यांत आलें कीं, संगणकच बदलावा लागेल, आणि जो आंकडा सांगितला तो त्याच्या कर्जाच्या चार हप्त्यांएवढा होता.

पोरगा रडकुंडीस येऊन तो कागद घेऊन माझ्याकडे आला. मला मोटारीची मिस्त्रीगिरी येत नाहीं; परंतु वाक्याचा अर्थ लावणें हा माझा जन्माचा धंदा. त्या नोंदींत 'सेन्सर बिघडला' असें कोठेंच नव्हतें. 'विजेच्या मार्गांत दोष' इतकेंच होतें. त्या मार्गावर फ्यूज येतो, तार येते, जोडणीचा प्लग येतो, सेन्सरच्या आंतील तापणारी कॉइल येते, आणि अगदीं शेवटीं संगणक येतो. शेवटाकडून आरंभ करण्याचें कारण काय? आम्हीं गांवांतील ट्रॅक्टरचें काम करणाऱ्या वायरमनला बोलाविलें. त्यानें मीटर लावून पाहिलें. फ्यूज शाबूत होता. प्लगाशीं बारा व्होल्ट यावयास हवे होते, तेथें वीज मुळींच नव्हती. तारेच्या काळ्या वेष्टनावरून बोट फिरवीत तो मागें मागें गेला, तों वेष्टनाच्या आंत उंदरानें कुरतडलेली तार सांपडली. तार जोडून, डाख देऊन, वर नळी चढवून गाडी तासाभरांत मोकळी झाली. संगणक शाबूत होता. आणि बदललेला पहिला सेन्सरही बहुधा शाबूतच असावा.

यांत नवल कांहींच नव्हतें. आमच्या भागांत ऊंसाच्या फडाला कोयता लागला, कीं उंदीर वस्तीकडे धांव घेतात, आणि बॉनेटखालीं ऊब मिळते तेथें बिऱ्हाड करतात. शहरांतही तळघरांत उभ्या केलेल्या गाड्यांना हा ताप आहेच. गाडींत शेंगदाणे, बिस्किटें, धान्याचीं पोतीं ठेवूं नयेत. बरेच दिवस उभी राहिलेली गाडी सुरू करण्यापूर्वीं बॉनेट उघडून पाहावें. लेंड्या किंवा गवताच्या काड्या दिसल्या, कीं तारा तपासाव्या.

दुसरी स्थानिक गोष्ट इथेनॉलची. आमच्या ऊंसापासून निघणारें इथेनॉल आतां पेट्रोलांत मिसळतात, आणि २०२५ सालीं देशांत हें प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉलमध्यें ऑक्सिजन मुळांतच असतो. म्हणून वीस टक्के मिश्रणास १४.७ ऐवजीं सुमारें १३.५ भाग हवा पुरते. संगणक हा फरक ओळखून पेट्रोल थोडें वाढवितो. नव्या गाड्या त्या हिशेबानेंच बनविलेल्या आहेत. जुन्या एखाद्या गाडींत मात्र सुधारणेची मर्यादा संपून 'इंधन कमी पडतें' अशी नोंद होऊं शकते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतें. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टांकींत जुनें पेट्रोल सांठवून ठेवूं नये. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेंत तिला कोणतें मिश्रण चालतें तें लिहिलेलें असतें. तें एकवार वाचावें.

डिझेल गाड्यांची गोष्ट थोडी निराळी. त्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडविणारी एक चाळण असते. ती भरली, कीं गाडी तिला सहाशें अंशांच्या आसपास तापवून काजळी जाळून टाकते; परंतु त्यासाठीं गाडी कांहीं वेळ सलग धांवावी लागते. रोज घरापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून मंडईपर्यंत एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाहीं, आणि चाळण तुंबते. चाळणीचा दिवा लागतांच मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटें एकसारख्या वेगानें गाडी चालविली, तर बहुधा काम भागतें. तो दिवा दुर्लक्षिला तर मागोमाग इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, आणि मग वर्कशॉप चुकत नाहीं. कांहीं डिझेल गाड्यांना युरियाचें शुद्ध द्रावणही लागतें. त्यांत युरियाचें प्रमाण ३२.५ टक्के असतें. घरांत शेताचें पोतें आहे म्हणून त्यांतला युरिया पाण्यांत कालवून टांकींत ओतण्याचा मोह कोणीं धरूं नये. आपल्याकडील खताच्या युरियाला २०१५ पासून निंबाच्या तेलाचा लेप असतो. असल्या अशुद्ध द्रावणानें ती महाग यंत्रणा कायमची निकामी होते.

आतां 'दिवा घालवून देणाऱ्यां'विषयीं. यंत्रावरचें एक बटण दाबलें, किंवा कित्येक गाड्यांत बॅटरीची तार काढली, कीं नोंद पुसली जाते आणि दिवा विझतो. दोष तसाच राहतो. इतकेंच नव्हे, तर दोषाच्या क्षणीं टिपलेली सारी माहितीही पुसली जाते, आणि पुढच्या मिस्त्रीला अंधारांत चाचपडावें लागतें. दुरुस्ती झाल्यानंतर नोंद पुसणें योग्य. दुरुस्तीच्या ऐवजीं पुसणें ही फसवणूक. जुनी गाडी विकत घेतांना तर फारच सावध असावें. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करतां पाहावें. त्या वेळीं हा पिवळा दिवा लागलाच पाहिजे, आणि इंजिन सुरू होतांच तो विझला पाहिजे. मुळांत लागलाच नाहीं, तर दिवा निकामी झालेला आहे, किंवा कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला आहे, असें समजावें.

शेवटीं वर्कशॉपांत विचारावयाचे चार प्रश्न सांगतों. ते लिहून घ्यावे. पहिला : नोंद कोणती निघाली, तिचे आंकडे मला कागदावर द्याल काय? दुसरा : हा भाग खराब आहे हें कोणत्या मोजणीवरून ठरविलें? तिसरा : बदललेला जुना भाग मला परत द्याल काय? चौथा : दिवा त्याच कारणानें पुन्हां लागला तर जबाबदारी कोणाची? चांगला मिस्त्री या प्रश्नांनीं रागावत नाहीं; उलट गिऱ्हाईक समजूतदार आहे म्हणून तो मोकळेपणानें बोलतो. प्रामाणिक कारागिराच्या मोजणीचे पैसे मात्र आनंदानें द्यावे. आपल्याकडे भाग बदलण्याचे पैसे द्यावयास लोक तयार असतात, आणि दोष शोधण्याचे द्यावयाचे म्हटलें कीं कुरकुरतात. मग दुकानदारानेंही न शोधतां भागच बदलले, तर त्यांत सारा दोष एकट्या त्याचाच मानतां येणार नाहीं.

श्रोतेहो, हा इवलासा दिवा लागतो तेव्हां इंजिनांतला किंवा धुराच्या वाटेवरचा एखादा लपलेला दोष त्यानें आपल्यापुढें मांडलेला असतो. त्या धुराच्या मागें चालणारीं शाळेचीं मुलें, वारींत पायीं जाणारे वारकरी, चौकांत उभा असलेला पोलीस, हीं सर्व माणसें तीच हवा छातींत घेत असतात. म्हणून तो दिवा लागेल तेव्हां त्याला भिऊं नये आणि त्याला झांकूंही नये. तो काय म्हणतो तें शांतपणें विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावें.